पढतमूर्ख : कळते, पण वळत नाही



समर्थ रामदासांचे पंचवटीशी असलेले नाते तुम्हाला परिचित आहे. परंपरेनुसार बालवयात घर सोडून ते पंचवटीत आले आणि जवळच्या टाकळी येथे त्यांनी बारा वर्षे तपाचरण केले. ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकातील पहिला समास त्यांनी मूर्खाच्या लक्षणांना दिला, तर दहावा पढतमूर्खाला. मूर्खाला कळतच नाही; पढतमूर्खाला कळते, परंतु त्याचे आचरण त्या ज्ञानाच्या विरुद्ध असते. स्वतःच स्वतःचे नुकसान करणारे वर्तन समजून घेण्यासाठी हा भेद उपयुक्त आहे.

१. हा आळस आहे का?

असे समजा की, रामकुंडाजवळ पूजासाहित्याचे दुकान चालवणारा एक विद्यार्थी आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असते आणि पुस्तक गल्ल्याशेजारीच असते. तरीही तो आधी उदबत्तीचे पुडे लावतो, मग हिशेबाची वही काढतो. परीक्षेत गुण कमी पडले की म्हणतो, “अभ्यास राहून गेला.” त्याने दुपारभर काम केले आहे, त्याला आळशी कसे म्हणावे?

1978 मध्ये स्टीव्हन बर्ग्लास व एडवर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना न सुटणारे प्रश्न दिले आणि तरीही ‘तुम्हाला उत्तम यश मिळाले’ असे सांगितले. पुढील चाचणीपूर्वी दोन औषधांची निवड होती : एक कामगिरी सुधारणारे, दुसरे बिघडवणारे. आपल्या यशाचे कारण न उमगलेल्या या गटातील पुरुषांचा कल बिघडवणाऱ्या औषधाकडे दिसला. अपयश आलेच, तर दोष औषधाचा ठरणार होता. आपला दुकानदारही हेच करतो. ‘मन लावून अभ्यास केला आणि तरीही जमले नाही’ या निष्कर्षाची त्याला भीती वाटते. अपुरी तयारी ही त्याची ढाल आहे.

२. वाक्यातून निसटलेला कर्ता

आता त्याचे वाक्य पाहा. ‘अभ्यास राहून गेला’ यात ‘अभ्यास’ हा कर्ता आहे. ‘मी’ कोठेही नाही. ‘मला वेळ मिळाला नाही’ यातही मिळण्याची क्रिया वेळेची आहे. मराठीची ही रचना निर्दोष आहे. आपण मात्र तिच्या आडोशाला उभे राहतो. ‘मी अभ्यास पुढे ढकलला’ असे म्हणताच ‘का ढकलला?’ हा प्रश्न उभा राहतो. बदलाची सुरुवात याच प्रश्नापासून होते.

येथे एक सावधगिरी हवी. घरातील आजारपण, दुहेरी पाळी, लहान मूल यांमुळे अनेकांना खरोखरच वेळ मिळत नाही. अशा वेळी ते वाक्य सत्यच असते आणि स्वतःला दोष देणे अन्यायाचे ठरेल. मिळालेला अर्धा तास कोठे गेला, एवढेच प्रामाणिकपणे तपासावे.

३. उपाय

‘अभ्यास करायचा आहे’ हा संकल्प मोघम आहे. पीटर गोल्वित्झर यांच्या संशोधनानुसार ‘केव्हा, कोठे, काय’ हे आधीच ठरवलेले संकल्प अधिक वेळा तडीस जातात. ‘दुपारचा चहा झाला की गल्ल्यावर बसूनच मी दोन पाने वाचीन,’ असे वाक्य करावे. दोन पाने वाचूनही काही समजले नाही, तर ती तुमच्या बुद्धीची परीक्षा नव्हे. संपर्कसत्रात विचारायचा तो एक प्रश्न आहे.

स्वाध्याय : गेल्या आठवड्यात तुम्ही दिलेली तीन कारणे लिहा. प्रत्येक वाक्य ‘मी’ हा कर्ता ठेवून पुन्हा लिहा. जे वाक्य लिहिताना लेखणी अडखळेल, त्याच्याखाली रेघ ओढा.