शाळेचे दप्तर आणि राज्यकारभार

‘नोकरशाही’ हा शब्द आपल्याकडे बहुधा नाराजीच्या सुरातच उच्चारला जातो. कचेरीच्या फेऱ्या, लाल फीत, ‘उद्या या’ हे ठरलेले उत्तर, हे सारे त्या एका शब्दात येते. ही नाराजी निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि प्राथमिक शिक्षकास या विषयाकडे त्रयस्थाच्या दृष्टीने पाहता येत नाही. खेड्यातील पुष्कळ माणसांची शासनाशी पहिली लेखी गाठ शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत पडते, आणि त्या वेळी लेखणी शिक्षकाच्या हाती असते. मराठीत ‘दप्तर’ हा शब्द कचेरीतील कागदपत्रांनाही लागतो आणि मुलाच्या पाठीवरील पिशवीलाही, हे या दृष्टीने मोठे अर्थपूर्ण आहे.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर (१८६४-१९२०) याने नोकरशाहीचे जे विवेचन केले, त्यातील मर्म थोडक्यात असे : काम लेखी असावे, ते ठरलेल्या नियमाने व्हावे, अधिकाराच्या पायऱ्या स्पष्ट असाव्यात, आणि पद हे पदावरील माणसाच्या मालकीचे नसावे. यांपैकी शेवटची गोष्ट आपल्या रोजच्या व्यवहारातील आहे. मुख्याध्यापकाची बदली झाली म्हणजे तो यादीनिशी प्रभार सोपवितो. नोंदवही त्याच्याबरोबर जात नाही. माणूस जातो, कागद राहतो.

हा कागद किती टिकतो, हे भंडारा जिल्ह्यातील जुन्या शाळांइतके अन्यत्र क्वचितच दिसेल. हा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. १९५० पासून मध्यप्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. पुढे १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. म्हणून गोंदियाकडील एखाद्या गृहस्थाच्या जुन्या दाखल्यावर आजही ‘जिल्हा भंडारा’ असे लिहिलेले आढळते. राज्याचे नाव बदलले, जिल्ह्याची सीमा बदलली, कारभारी बदलले; पण अमुक मूल अमुक दिवशी शाळेत दाखल झाले, ही एक ओळ मात्र जागची हलली नाही.

आपली जिल्हा परिषद ही रचनाही विचारपूर्वक उभारलेली आहे. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली १९६० साली नेमलेल्या समितीने जिल्हाधिकाऱ्यास जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवावे आणि लोकप्रतिनिधींच्या या संस्थेस स्वतःचा मुख्य कार्यकारी अधिकारी द्यावा, अशी शिफारस केली. त्याप्रमाणे १९६१ चा अधिनियम होऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या. धोरण निवडून आलेल्यांनी ठरवावे आणि अंमल नेमलेल्यांनी करावा, ही त्यातील कल्पना. शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक ही साखळी याच अंमलाची होय; आणि तिची अखेरची कडी वर्गात आहे.

या कडीवर किती भार येतो, ते पाहावे. महाराष्ट्रात एका पिढीतील असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून वा १ जुलै आहे. घरी तारखेची नोंद नव्हती, म्हणून गुरुजींनी प्रवेशाचे वय जुळेल अशी तारीख लिहून टाकली. पुढे तीच तारीख नोकरीत गेली. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला शासकीय कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस सेवानिवृत्त होतो, या नियमामुळे दरवर्षी ३१ मे रोजी निरोपसमारंभांची गर्दी उडते. गुरुजींना याची कल्पनाही नसेल.

जातीच्या नोंदीचे गांभीर्य याहून अधिक आहे. जातप्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा पाहिला जातो. माधुरी पाटील खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने संविधानापूर्वीच्या शालेय नोंदींना मोठे पुराव्याचे मूल्य असल्याचे म्हटले. आजोबा ज्या शाळेत दोनच इयत्ता शिकले, तेथील फिकट शाईची एक ओळ शोधण्यासाठी नातू येतो, तो यामुळे. नोंदवही वाळवीने खाल्ली असेल, तर त्या कुटुंबाचे काय नुकसान होते याचा हिशेब कोणत्याही तपासणी अहवालात येत नाही.

येथवर कागदाची थोरवी झाली. परंतु तोच कागद दाराचे कुलूपही होतो. धानाची मळणी आटोपली की काही कुटुंबे वीटभट्टीवर किंवा अन्य कामासाठी दूर जातात. मुले बरोबर असतात. ती नव्या गावी शाळेत गेली म्हणजे ‘टी.सी. आणा’ असे सांगितले जाते. आई-वडिलांची एका दिवसाची मजुरी बुडणे त्यांना परवडत नाही, आणि मूल भट्टीवरच राहते. सांगणारा वाईट माणूस नसतो; तो ‘नियम आहे’ एवढेच ऐकून असतो. वास्तविक नियम नेमका उलट आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या शिक्षणहक्क अधिनियमानुसार वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. दाखला येण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश लांबविता वा नाकारता येत नाही. आणि मागितलेला दाखला तत्काळ न देणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. आपल्या कचेऱ्यांत नियमापेक्षा नियमाविषयीची ऐकीव माहिती अधिक वेगाने पसरते, असा माझा अनुभव आहे.

विलंबाविरुद्धही कायदा आहे. २००५ च्या महाराष्ट्र अधिनियमाने शासकीय कर्मचाऱ्याजवळ सामान्य धारिणी कामाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहू नये असे ठरविले. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत घातली. संगणकावरील नोंदींनी शोध सोपा केला आहे, पण चुकीचे नाव तेथेही तितक्याच विश्वासाने चुकीचेच राहते.

म्हणून दाखल्याविना मूल आले, तर त्याचे नाव त्याच दिवशी वयानुरूप वर्गात दाखल करावे. आधीच्या शाळेस जावक क्रमांक घालून पत्र धाडावे व स्थळप्रत ठेवावी. नाव, आईचे नाव, जन्मतारीख व जात पालकांस वाचून दाखवावी, मगच त्यांची सही वा अंगठा घ्यावा. चूक दिसल्यास खाडाखोड करू नये. वरिष्ठांची लेखी मंजुरी घेऊन, तिचा क्रमांक व दिनांक नोंदीशेजारी लिहावा. जुन्या नोंदवह्या पावसाळ्यापूर्वी एकदा उन्हाच्या झळीपासून दूर, कोरड्या जागी उघडून पाहाव्यात, आणि फाटू लागलेल्यांची यादी केंद्रप्रमुखांकडे द्यावी.