दुसऱ्या वायरचा रस्ता

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातली वीज एकदम गेली आणि लोकल होत्या तिथेच थांबल्या. त्याच दिवशी ऊर्जामंत्र्यांनी सांगितलेलं कारण असं होतं : महापारेषणच्या कळवा-पडघा यंत्रणेत एका सर्किटचं देखभालीचं काम चालू होतं, म्हणून त्याचा भार दुसऱ्या सर्किटवर घेतला होता, आणि बिघाड नेमका त्या दुसऱ्यातच झाला. दोन वाटा होत्या, पण त्या सकाळी हाताशी एकच होती.

कळव्याहून निघणारा ठाणे-बेलापूर रस्ता धरून दक्षिणेला आलं की शिरवण्याची एमआयडीसी लागते. याच पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे इथे देशातली मोठमोठी डेटा सेंटर्स उभी आहेत. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्ट दुहेरी, तिहेरी असते. मला बोलायचंय ते छोट्या कारखान्याबद्दल, जिथे ऑफिसच्या कोपऱ्यात एकच सर्व्हर असतो आणि बिलं, चलनं, ड्रॉइंग सगळं त्याच्यावर. त्याची वायर निसटली की माल तयार असूनही गाडी गेटबाहेर पडत नाही. या सर्व्हरला दुसरी जोडणी देणं स्वस्त आहे. ती खरोखर दुसरी असेल हे पाहणं मात्र कष्टाचं आहे.

आधी हिशेब. एखादी जोडणी ९९ टक्के वेळ चालू राहते असं धरलं, तर वर्षातले साडेतीन दिवसांहून जास्त ती बंद असते. तशीच दुसरी जोडली आणि दोघींचे बिघाड एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र असले, तर दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता दहा हजारांत एक, म्हणजे वर्षाला जेमतेम ५३ मिनिटं. साडेतीन दिवसांवरून तासाभराच्या आत! पण हे सगळं गणित ‘स्वतंत्र’ या एका अटीवर उभं आहे. अट मोडली की आकडा पुन्हा साडेतीन दिवसांकडे घसरतो.

सर्व्हरपासूनच सुरुवात करू. लिनक्समध्ये ‘बाँडिंग’ नावाची सोय आहे. दोन नेटवर्क पोर्ट एकत्र बांधायचे आणि त्यांना मिळून एकच आयपी पत्ता द्यायचा. त्यातल्या ‘अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप’ पद्धतीत एक पोर्ट काम करतो, दुसरा तयारीत बसून राहतो. पहिला गेला की दुसरा तोच पत्ता घेऊन पुढे येतो आणि ‘आता मी इकडे आहे’ असा संदेश नेटवर्कभर पाठवतो, म्हणजे स्विचला नवी वाट कळते. चालू असलेलं काम बहुधा तुटतही नाही. दुसरी एक पद्धत दोन्ही पोर्टांवर वाहतूक वाटते. तिचं प्रमाण २००० साली ठरलं. पण तिच्यात वेग दुप्पट होईल या आशेने जाणारे निराश होतात, कारण एका संगणकाशी चाललेली एक मोठी कॉपी एकाच वायरीवरून जाते. शिवाय दोन वायरी दोन वेगळ्या स्विचमध्ये लावायच्या तर त्या स्विचना आपसांत समन्वय साधता यावा लागतो. छोट्या जागी म्हणूनच साधी अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप बरी, एक वायर एका स्विचला, दुसरी दुसऱ्याला. आणि दोन्ही पोर्ट एकाच कार्डावर नकोत, दोन्ही स्विच एकाच विजेच्या बोर्डावर नकोत.

इथे एक सूक्ष्म गोष्ट राहते आणि बरेच जण तिथे फसतात. पोर्ट जिवंत आहे का, हे सर्व्हर सेकंदातून दहा वेळा तपासू शकतो. पण ही तपासणी स्विचपर्यंतच पोहोचते. स्विच चालू आहे, त्याच्यापुढची वायर मात्र तुटली आहे, अशा वेळी सर्व्हरला सगळं आलबेल दिसतं आणि तो मेलेल्या वाटेवर माहिती ढकलत राहतो. त्यासाठी दुसऱ्या प्रकारची तपासणी लावावी लागते. तिच्यात सर्व्हर पलीकडच्या राउटरला सतत हाक मारतो आणि उत्तर थांबलं की वाट बदलतो.

आता गेटबाहेर. दोन कंपन्यांकडून इंटरनेट घेतलं की आपण निर्धास्त होतो. पण जुईनगरहून पनवेलला निघालेल्या माणसाला हार्बरची गाडी आहे आणि ठाण्याहून येणारी ट्रान्स-हार्बरचीही आहे, तरी नेरुळच्या पुढे दोघींचे रूळ एकच. तिथे काही झालं की दोन्ही अडकल्या. फायबरचंही असंच होऊ शकतं. दोन कंपन्यांच्या केबल एकाच चरातून आल्या असतील तर जेसीबीचा एक फटका दोन्ही तोडतो. म्हणून कंपनीला दर विचारण्याआधी केबलचा मार्ग विचारावा, इमारतीत ती कुठून शिरते हेही. मार्ग एकच निघाला तर दुसरी जोडणी छपरावरच्या बिनतारी अँटेनाची घ्यावी. तिला खोदकामाची भीती नाही. फक्त फार उच्च वारंवारितेच्या लहरी आपल्या पावसात क्षीण होतात, तेव्हा पाच गिगाहर्ट्‌झच्या आसपासची यंत्रणा जुलैत जास्त भरवशाची.

याहून लांबची वाटही पाहण्यासारखी आहे. मुंबईत येणाऱ्या समुद्री केबल पश्चिम किनाऱ्यावर वर्सोव्यासारख्या ठिकाणी उतरतात. शिरवण्याहून तिथे जायचं तर ठाण्याची खाडी ओलांडायची किंवा तिला वळसा घालायचा. आणि समुद्रातही तोच धडा. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन वेगवेगळ्या केबल काही तासांच्या अंतराने निकामी झाल्या आणि भारताचं पश्चिमेकडचं इंटरनेट गळपटलं. मालक वेगळे, नावं वेगळी, पण जवळजवळ त्याच चिंचोळ्या भागातून गेलेल्या. ज्यांची वाहतूक पूर्वेकडून, सिंगापूरमार्गे वळवता आली, त्यांचं काम चालू राहिलं.

हे सगळं नीट जमलं तरी एक धोका उरतो, तो गुपचूप येतो. पहिली वायर जाते, दुसरी काम उचलते, कुणाला काही जाणवत नाही. महिने जातात. मग दुसरी जाते. म्हणून पहिला बिघाड झाल्याझाल्या कुणाला तरी कळलंच पाहिजे, आणि ठरलेल्या दिवशी, काम कमी असताना, आधी एक वायर आणि ती परत लावून मग दुसरी, अशा दोन्ही काढून पाहिल्या पाहिजेत. बिघाडाची सूचना ई-मेलने येत असेल तर ती कोणत्या जोडणीवरून येणार, हेही तपासावं. सर्व्हरला एक साधा सिमकार्डाचा मोडेम जोडून सूचना एसएमएसने पाठवली, तर दोन्ही वायरी गेल्या तरी ती मालकाच्या फोनवर पोहोचते.