नांदेड-४४ : वाण विद्यापीठाचा, जनुक कंपनीचे

परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्रातून १९८०च्या दशकात ‘एनएचएच-४४’ हा संकरित कापूस बाहेर पडला. शेतकऱ्यांच्या तोंडी तो ‘नांदेड-४४’ झाला. पावसाने ताण दिला तरी तग धरणारा, तुडतुड्यांना सहसा दाद न देणारा हा वाण कोरडवाहू मराठवाड्याला मानवला आणि पुढे राज्याबाहेरही पसरला.

संशोधन बाजारात नेण्याचा हा जुना, सरळ मार्ग. संकरित कापसाची सरकी घरी राखून पेरली तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी येत नाहीत. बियाणे दरवर्षी विकतच घ्यावे लागते. नर-मादी वाण विद्यापीठाच्या हाती असतात. त्यांचे मूळ बी घेऊन बियाणे कंपन्या मजुरांकरवी एकेका फुलावर संकर घडवतात आणि पाकिटे विकतात. सोयाबीनचे तसे नाही. परभणीच्याच ‘एमएयूएस-७१’चे बी लातूरचा शेतकरी घरचे राखू शकतो. अशा वाणात विद्यापीठाचे नाव मोठे होते, उत्पन्न नव्हे.

मार्च २००२मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि गणित उलटले. बोंडअळी मारणारे जनुक अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचे. भारतात ते जालन्याच्या महिकोच्या साथीने आले. इतर कंपन्यांनी शुल्क भरून ते आपापल्या वाणांत घातले. विद्यापीठांचे वाण बिनबीटीच राहिले, आणि बिनबीटी पाकीट कोणी मागेना. वाण वाईट नव्हता, त्यात एक जनुक नव्हते इतकेच.

यावर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाला सोबत घेऊन सरकारी बीटी तयार केले. ‘बिकानेरी नरमा’ हा सरळ वाण २००९मध्ये बीटी होऊन बाजारात आला. नांदेड-४४चाही बीटी अवतार तयार झाला. नरम्याचे बी घरी राखता येणार होते, खरे आकर्षण तेच. पण तपासणीत त्यात मोन्सॅन्टोच्याच ‘मॉन-५३१’ या बीटी जनुकरचनेचा अंश सापडला आणि विक्री थांबली. चौकशीसाठी नेमलेल्या सुधीर सोपोरी समितीच्या २०१२च्या अहवालाने त्याला दुजोरा दिला.

पुढे परभणीच्या विद्यापीठाने महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाशी करार करून नांदेड-४४मध्ये मोन्सॅन्टोचेच बोलगार्ड-२ हे बीटी तंत्र आणले. म्हणजे वाण घरचा, जनुक पुन्हा बाहेरचेच. आणि २०१७च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने राज्यभर बोलगार्ड-२ कापसाचीच बोंडे पोखरली.