टोपीवरचा असईचा हत्ती

मद्रास रेजिमेंटच्या टोपीवरच्या बिल्ल्यात ढाल आणि दोन तलवारींसोबत हत्ती दिसतो. दक्षिणेतली रेजिमेंट, तेव्हा हत्ती असणारच, असं कुणालाही वाटेल. पण हा हत्ती आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईचा आहे.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर हल्ला चढवला. मद्रासचे शिपाई त्याच्या बाजूने लढत होते. शिंद्यांच्या तोफखान्याने त्या दिवशी असा मारा केला, की ७४व्या हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीतले पाचशेंपैकी जवळजवळ चारशे लोक ठार किंवा जखमी झाले. इंग्रज जिंकले खरे. पण पुढे वॉटर्लू गाजवलेल्या वेलस्लीनेही उतारवयात आपली सर्वोत्तम लढाई म्हणून असईचंच नाव घेतलं. जिंकलेल्या पलटणींनी खूण म्हणून वागवलेला हा हत्ती इंग्रजांच्या विजयाचा मानला जातो. मला मात्र त्यात मराठी गोलंदाजांची कामगिरीही दिसते. सहज मिळालेला विजय कोण दोनशे वर्षं कपाळावर वागवेल?

७४वी पलटण १८८१ मध्ये हायलँड लाइट इन्फंट्रीत मिसळली. त्या रेजिमेंटच्या बिल्ल्यातही मधल्या बिगुलाखाली हा हत्ती आणि असईचं नाव होतं. १९५९ च्या विलीनीकरणापर्यंत ते ग्लासगोच्या पोरांच्या टोप्यांवर मिरवलं. बिगुल ही लाइट इन्फंट्रीची खूण. पांगून लढणाऱ्या सैनिकांना हुकूम बिगुलावर मिळत. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या चिन्हातला बिगुल याच परंपरेतला.

१९५० मध्ये प्रजासत्ताक आलं आणि लष्करी चिन्हांवरच्या ब्रिटिश मुकुटाची जागा सारनाथच्या सिंहांनी घेतली. देशी सत्तांविरुद्ध मिळवलेले रणसन्मान साजरे करणं आपल्या लष्कराने थांबवलं. हत्ती तेवढा राहिला, आणि तो राहिला हे मला योग्य वाटतं. त्याला पुसलं असतं, तर मद्रासी शिपायाचं शौर्य आणि शिंद्यांच्या तोफांची धडकी, दोन्ही एकदमच विसरली गेली असती.

हत्ती राहिला, पण अधिकारी आपल्या रेजिमेंटचा बिल्ला कर्नल असेपर्यंतच वापरतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सर्वांची टोपी, पट्टा, बूट, खांद्यावरची चिन्हं एकसारखी झाली. अनेक रेजिमेंटांच्या माणसांवर हुकमत चालवणारा अधिकारी एका रेजिमेंटचा दिसू नये, हा त्यामागचा विचार. तेव्हा बढती मिळाली, की मद्रासवाला हत्ती उतरवतो, मराठा अधिकारी बिगुल उतरवतो आणि गोरखा अधिकारी आपल्या दोन खुकऱ्या.