पोर्शे ९११ : पुढचें इंजिन कसें असेल?

वेगवान मोटारगाड्यांचीं चित्रें वहीच्या शेवटच्या पानांत जपून ठेवणारा एक तरी विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतोच. अशा विद्यार्थ्यास ‘पोर्शे ९११’ हें नांव नवें नाहीं. परंतु त्या गाडीच्या पुढच्या इंजिनाची शक्ति किती वाढेल, असा प्रश्न निघाला म्हणजे जो तो मनास येईल तो आंकडा सांगून मोकळा होतो. आंकडा सांगणें सोपें आहे. ती वाढीव शक्ति यावयाची कोठून, हें सांगणें कठीण. या दुसऱ्या प्रश्नाचाच येथें थोडा विचार करावयाचा आहे.

ही गाडी जर्मनींतील स्टुटगार्ट शहराच्या त्सुफेनहाउझेन या भागांत तयार होते. १९६३ सालीं फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली, तेव्हां तिचें नांव ९०१ असें होतें; पण मध्यें शून्य असलेल्या तीन आंकडी नांवांवर फ्रान्समधील प्यूजो कंपनीनें हक्क सांगितला, आणि १९६४ सालीं शून्याच्या जागीं एक आला. तिचें इंजिन गाडीच्या पाठीमागें, मागल्या आंसाच्याहि पलीकडे बसविलेलें असतें. त्याचीं सहा नळकांडीं उभीं नसून तीन उजवीकडे व तीन डावीकडे अशीं आडवीं निजविलेलीं असतात. पहिलें इंजिन २ लिटरांचें व १३० अश्वशक्तीचें होतें. त्यास थंड ठेवण्याचें काम पाण्याकडे नसून पंख्याच्या वाऱ्याकडे होतें. इंजिनाची ही जागा वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. गाडीच्या अगदीं शेवटीं वजन फार वाढलें तर वेगांत वळण घेतांना तिचें शेपूट बाहेर फेंकलें जाऊं पाहतें. म्हणून ‘आणखी मोठें इंजिन बसवा’ हा जो सोपा उपाय इतर गाड्यांस चालतो, तो हिला फार दूरपर्यंत चालत नाहीं.

आतां शक्तीचें मूळ पाहूं. एक किलो पेट्रोल पुरतें जळावयास सुमारें १४.७ किलो हवा लागते. नळकांड्यांत पेट्रोल वाटेल तितकें ओततां येईल. अडचण असते ती हवेची. हवा अधिक मिळविण्याचे मार्ग तीनच. नळकांडें मोठें करावें, इंजिन अधिक जलद फिरवावें, किंवा हवा दाबून आंत कोंबावी. यांपैकीं कोणताहि मार्ग धरला तरी उष्णता वाढते आणि तिची विल्हेवाट लावावी लागते.

पोर्शेच्या यंत्रज्ञांनीं हे तीनहि मार्ग चोखाळले आहेत. १९८९ पर्यंत दोन लिटरांचे ३.६ लिटर झाले. त्याच्या कितीतरी आधीं, १९७४ सालीं, पॅरिसच्या प्रदर्शनांत ३ लिटरांची व २६० अश्वशक्तीची ‘टर्बो’ गाडी आली. टर्बो म्हणजे एक प्रकारचा लोहाराचा भाताच. फरक इतकाच कीं, हा भाता भट्टींतून बाहेर पडणारा धूर स्वतःच चालवितो. बाहेर जाणाऱ्या वायूच्या झोतानें एक चक्र फिरतें, त्याच दांड्यावरील दुसरें चक्र ताजी हवा दाबून आंत ढकलतें. परंतु धूर वाढल्याशिवाय भाता जोर धरीत नाहीं, आणि भात्यानें जोर धरल्याशिवाय धूर वाढत नाहीं! त्यामुळें चालकानें पाय दाबल्यावर क्षणभर कांहींच घडत नसे, आणि मग शक्तीचा लोंढा एकदम येई. वळणाच्या मध्यावर तो आला तर नवशिक्या चालकाची काय अवस्था होत असेल, तें सांगावयास नको.

१९९७ सालीं वाऱ्याच्या जागीं पाणी आलें. प्रत्येक नळकांड्यास चार झडपा बसवावयाच्या तर तेथील उष्णता नुसत्या वाऱ्यानें हटेना. जुन्या भक्तांस याचें मोठें दुःख झालें. कांहींचें तें अजूनहि ओसरलेलें नाहीं.

यानंतरची महत्त्वाची सुधारणा २०२४ सालच्या ‘कॅरेरा जीटीएस’ या गाडींत झाली, आणि पुढचा अंदाज बांधावयाचा तर तीच नीट समजून घेतली पाहिजे. तींत टर्बोच्या दोन चक्रांमधील दांड्यावर विजेची एक लहान मोटर बसविली आहे. पाय दाबतांच धुराची वाट न पाहतां ती मोटर चक्र फिरवूं लागते, आणि पूर्वीचा तो रिकामा क्षण जवळजवळ नाहींसा होतो. पण खरी मौज पुढेंच आहे. धूर गरजेहून अधिक झाला, तर पूर्वी तो एका चोरवाटेनें सोडून द्यावा लागे. आतां तीच मोटर उलट काम करून त्या जोरापासून ११ किलोवॉटपर्यंत वीज निर्माण करते. ही वीज १.९ किलोवॉट-तासांच्या लहानशा बॅटरींत सांठविली जाते किंवा गिअरपेटींतील दुसऱ्या मोटरीस दिली जाते. इंजिन एकटें ४८५ अश्वशक्तीचें, पण सर्व मिळून ५४१. म्हणजे जी शक्ति धुराबरोबर आकाशांत जात होती, तींतील कांहीं भाग चाकांपर्यंत पोंचला.

आणखीहि एक गोष्ट येथें साधली. पूर्वी पूर्ण जोरांत धांवणाऱ्या इंजिनास थंड ठेवण्याकरितां गरजेपेक्षां अधिक पेट्रोल पाजीत. तें पुरतें न जळाल्यानें विषारी वायु वाढे. नवें इंजिन १४.७ चें प्रमाण सर्वकाळ सांभाळतें. कायदे जसजसे कडक होतील, तसतसें हें प्रमाण प्रत्येक इंजिनास पाळावें लागेल, असें मला वाटतें.

याची किंमत वजनाच्या रूपानें द्यावी लागते. २०२५ सालच्या ‘टर्बो एस’ गाडींत असे दोन टर्बो आहेत. शक्ति ७११ अश्वबळ. वजन मात्र आधीच्या गाडीहून ८५ किलोंनीं वाढलें. तरीहि न्युर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरांच्या वळणावळणांच्या मार्गावर ती ७ मिनिटें ३.९२ सेकंदांत फेरी करते, म्हणजे आधीच्या गाडीपेक्षां सुमारें १४ सेकंद लौकर. वजन वाढलें कीं गाडी मंदावते, ही आपली समजूत येथें अपुरी ठरते.

मग चिंता कशाची? चिंता आहे ती ‘जीटी ३’ या भावंडाची. तिचें ४ लिटरांचें इंजिन टर्बोशिवाय, केवळ स्वतःच्या श्वासावर चालतें आणि मिनिटास ९,००० फेरे घेतें. २०२४ सालीं नव्या नियमांसाठीं तिला चार शुद्धिकारक पात्रें व दोन गाळण्या बसवाव्या लागल्या. शक्ति ५१० कायम राखतां आली, परंतु आंस फिरविणारा पीळ ४७० न्यूटन-मीटरांवरून ४५० वर उतरला. नाकावर फडकें बांधून धांवणाऱ्या गड्यासारखी ही स्थिति आहे. फडकें आणखी जाड झालें तर काय?

कोणी म्हणतात, कृत्रिम पेट्रोल तिला वांचवील. चिली देशांत पुंता अरेनास येथें वाऱ्याची वीज, पाणी व कर्बवायु यांपासून असें पेट्रोल करण्याचा कारखाना २०२२ सालीं सुरू झाला. पण त्या पेट्रोलानें कर्बाचा हिशेब जुळला तरी नत्राचे विषारी वायु व सूक्ष्म कण राहतातच. गाळण्या कांहीं निघत नाहींत. पोर्शेच्या सहा टप्प्यांच्या इंजिनाचा एक पेटंट-अर्ज २०२४ सालीं प्रसिद्ध झाला आहे. नेहमींच्या चार टप्प्यांत एक स्फोट होतो, यांत सहांत दोन. कल्पना मोठी चतुर आहे. मात्र पेटंटाचा कागद आणि रस्त्यावरचें इंजिन यांत बरेंच अंतर असतें.

माझा अंदाज असा कीं, ‘जीटी ३’ चीं नळकांडीं सहाच राहतील, तीं आडवींच राहतील, आणि जागाहि पाठीमागलीच असेल. पण पुढें केव्हां तरी तिलाहि विजेवर फिरणारा तो भाता घ्यावा लागेल. शक्तीचा आंकडा सहज सहाशेंच्या वर जाईल, आणि कांटा मात्र नऊ हजारांच्या अलीकडेंच थांबेल.