आवाजातून पडद्यावर (भाग ६) : मार्शलचा आवाज, दुसऱ्याचा चेहरा

मागच्या आठवड्यात ॲग्नेस मूरहेडची गोष्ट अर्ध्यावर राहिली. ‘सॉरी, राँग नंबर’ ही रेडिओनाटिका तिने १९४३ साली गाजवली, पण १९४८मध्ये त्या नाटिकेवर चित्रपट निघाला तेव्हा भूमिका गेली बार्बरा स्टॅनविककडे. त्याच चित्रपटात गुन्हेगाराच्या छोट्याशा भूमिकेत एक जाडजूड माणूस दिसतो. विल्यम कॉनराड. मूरहेडवर आलेली पाळी त्याच्यावरही येणार होती, आणि ती एकदाच नव्हे.

कॉनराड जन्मला १९२०मध्ये, केंटकी राज्यातल्या लुइव्हिल गावी. दुसऱ्या महायुद्धात तो लढाऊ वैमानिक होता. त्यानंतर लॉस एंजेलिसच्या रेडिओने त्याला गिळूनच टाकलं. रेडिओवर पाठांतर नाही, रंगभूषा नाही. हातात संहिता धरून मायक्रोफोनपुढे उभं राहायचं, एकाच भागात दोन-तीन पात्रं उरकायची आणि पुढच्या स्टुडिओकडे पळायचं. आपण साडेसात हजारांवर रेडिओभूमिका केल्या असाव्यात, असा त्याचा स्वतःचा अंदाज होता. नटाने स्वतःविषयी सांगितलेल्या आकड्यातून थोडं वजा करावं. तरी उरेल तेही अफाटच.

चित्रपटाने मात्र त्याला पाहताक्षणी खलनायकांच्या रांगेत उभं केलं. १९४६च्या ‘द किलर्स’च्या सुरुवातीला दोन मारेकरी रात्री एका छोट्या खाणावळीत शिरतात आणि मालकाला टोचून-टोचून हैराण करतात. त्यातला एक कॉनराड. काही मिनिटांचंच काम, पण बर्ट लँकेस्टरच्या या पहिल्याच चित्रपटात सगळा धाक आधी या दोघांनी निर्माण करून ठेवला आहे.

आवाज आणि चेहरा यांच्यातली ही फारकत १९४८च्या जानेवारीत स्पष्ट होते. सीबीएस या वाहिनीच्या ‘एस्केप’ रेडिओमालिकेत ‘लाइनिंगेन व्हर्सेस द अँट्स’ सादर झालं. ब्राझीलमधला हट्टी मळेवाला, त्याच्यावर चालून येणाऱ्या मुंग्यांच्या फौजा, आणि त्यांना तोंड देणारा नायक लाइनिंगेन म्हणजे कॉनराड. १९५४मध्ये याच कथेवरून ‘द नेकेड जंगल’ निघाला. नायक झाला चार्ल्टन हेस्टन. कॉनराडही त्यात आहे, सरकारी कमिशनर म्हणून!

तोवर तो रेडिओवर मार्शल मॅट डिलन झालेला होता. डिलन नायक असलेली ‘गनस्मोक’ ही मालिका सीबीएसवर २६ एप्रिल १९५२ रोजी सुरू झाली. काउबॉयच्या मालिका तोवर बहुतेक मुलांसाठी असत. निर्माता नॉर्मन मॅकडोनेल आणि लेखक जॉन मेस्टन यांना मोठ्यांसाठी मालिका हवी होती. त्यांचा डिलन गोळ्या घालून थकलेला, कडवट, कधीकधी चुकणारा मार्शल होता. लाकडी फळ्यांवरून येणारी पावलं, बुटांच्या आऱ्यांची किणकिण, लांब कुठे भुंकणारं कुत्रं, आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेत कॉनराड घाई करत नसे. संवादाइतकंच काम तो थांबण्यातून करून घेई.

१९५५मध्ये मालिका टीव्हीवर आणायचं ठरलं. रेडिओच्या नटांची चाचणी झाली, पण निवड एकाचीही झाली नाही. डिलन झाला सहा फूट सात इंच उंचीचा जेम्स आर्नेस. उंच मार्शल कॅमेऱ्यात शोभतो हे खरंच, पण जुने भाग ऐकले की आर्नेसचा डिलन जरा जास्तच धुतलेला वाटतो. गंमत अशी की रेडिओवरची मालिका त्यानंतरही जून १९६१पर्यंत चालली. म्हणजे जवळजवळ सहा वर्षं अमेरिकेत दोन मॅट डिलन एकाच वेळी गस्त घालत होते.

कॉनराडने त्यातून वाट काढली ती दिग्दर्शनाची आणि निवेदनाची. १९५९पासून रॉकी नावाची खार आणि बुलविंकल नावाचं मूस हरीण यांच्या कार्टूनमध्ये धापा टाकत, किंचाळत निवेदन करणारा हाच. त्याच सुमारास रेडिओवर तो धीरगंभीर डिलनही होता. १९६३ ते १९६७ या काळात ‘द फ्युजिटिव्ह’चं निवेदनही त्याचंच. त्या मालिकेचा निर्माता क्विन मार्टिन.

मार्टिननेच मग या आवाजामागचा माणूस पडद्यावर आणला. १९७१मध्ये ‘कॅनन’ सुरू झाली. फ्रँक कॅनन हा पन्नाशीचा, टक्कल पडू लागलेला, उत्तम जेवणाचा शौकीन खाजगी गुप्तहेर. गुंडामागे धावताना त्याला दम लागे आणि प्रेक्षकांना ते आवडे. मालिका पाच हंगाम चालली, आणि तीही सीबीएसवर, म्हणजे ज्या वाहिनीने त्याला मार्शलचा बिल्ला नाकारला होता तिच्यावरच. पुढे १९८७ ते १९९२ या काळात त्याच वाहिनीवरच्या ‘जेक अँड द फॅटमॅन’मध्ये तर त्याचं पोट थेट शीर्षकातच जाऊन बसलं. १९९४मध्ये तो वारला.

रेडिओच्या ‘गनस्मोक’मधल्या बाकीच्यांपैकी दोघे, चेस्टर झालेला पार्ली बेअर आणि डॉक झालेला हॉवर्ड मॅकनिअर, पुढे ‘द अँडी ग्रिफिथ शो’मध्ये पुन्हा एकाच गावात राहायला आले, एक महापौर, दुसरा न्हावी. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.