स्ट्रॉबेरी : इतिहास, आहारमूल्य आणि परसबागेतील लागवड

स्ट्रॉबेरी म्हटली म्हणजे महाबळेश्वर व पाचगणी यांची नावे प्रथम ओठांवर येतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवरील महाबळेश्वरच्या परिसरात हे पीक ब्रिटिश अमदानीत आले व स्थिरावले. २०१० साली ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ या नावास भौगोलिक मानांकनही मिळाले. योग्य निगा राखल्यास सपाटीवरील गावांच्या परसातही हे फळ हिवाळ्यापुरते घेता येते. मात्र रोप कितीही जोमदार असले, तरी परागीभवनावाचून ते चांगले फळ देत नाही, हे आरंभीच ध्यानी घ्यावे. या पिकाचा इतिहासच त्याची साक्ष देतो.

दोन खंडांचे फळ

आजची बागायती स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात युरोपात जन्मास आली. उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया जात आणि दक्षिण अमेरिकेतील चिली देशाची जात यांचा तो संकर होय. चिलीचे मूळ रहिवासी तेथील मोठ्या फळांची जात पूर्वापार लावीत असत. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १७१४ साली तिची रोपे जहाजातून फ्रान्समध्ये आणली. लांबच्या प्रवासात पाचच रोपे जगली. ती वाढली, फुलली. परंतु त्यांस फळ धरेना, कारण ती सर्व मादी रोपे होती. पुढे ब्रिटनी प्रांतात ती व्हर्जिनिया जातीच्या शेजारी लावली गेली, तेव्हा तिचे पराग मिळून फळे येऊ लागली. हे संकराचे कोडे द्युशेन या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ साली उलगडून दाखविले.

आजच्या जातींच्या एकाच फुलात नर व मादी अशी दोन्ही अंगे असतात. म्हणून शेजारी दुसरी जात लावावी लागत नाही. तथापि मधमाशीची गरज संपलेली नाही. फळाच्या पाठीवर दिसणारे बारीक दाणे हीच वास्तविक या झाडाची फळे होत. लाल गर म्हणजे फुलाची फुगलेली बैठक. ज्या दाण्यास पराग मिळत नाही, त्याच्याभोवतीचा गर खुरटतो व फळ वेडेवाकडे होते. असे फळ दिसल्यास खताची मात्रा वाढविण्यापूर्वी बागेत मधमाश्या येतात की नाही, हे पाहावे.

आहारमूल्य

१०० ग्रॅम ताज्या फळांत सुमारे ९१ ग्रॅम पाणी, २ ग्रॅम तंतू व जवळजवळ ५९ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. उष्मांक अवघे ३२ मिळतात. पेरू व आवळा यांत ‘क’ जीवनसत्त्व याहूनही अधिक असते. म्हणून त्यांची झाडे काढून ही लावण्याचे कारण नाही. त्यांच्या जोडीला ही असावी. शिजविल्याने ‘क’ जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होतो, यास्तव फळे स्वच्छ धुऊन ताजीच खावीत.

लागवड व निगा

पाण्याचा उत्तम निचरा होणारी, किंचित आम्ल जमीन या पिकास मानवते. वांगी, टोमॅटो, मिरची किंवा बटाटा नुकताच घेतलेली जागा टाळावी, कारण या पिकांचे मर रोग स्ट्रॉबेरीसही लागतात. चांगले कुजलेले शेणखत मिसळून सुमारे २५ सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा. जागा नसल्यास तळाशी छिद्रे असलेली कुंडीही चालते.

डोंगराळ भागात पाऊस ओसरताच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तर सपाटीवर ऑक्टोबरची उष्णता कमी झाल्यावर लागण करावी. रोगमुक्त मातृरोपांपासून तयार केलेली रोपेच खात्रीच्या रोपवाटिकेतून आणावीत. दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. पानांच्या बुडाशी असलेला जाड गाभा मातीच्या पातळीत राहिला पाहिजे. तो गाडला गेल्यास कुजतो, उघडा पडल्यास मुळ्या वाळतात.

मुळ्या उथळ असल्याने पाणी थोडे थोडे, परंतु नियमित द्यावे. आरंभीची फुले खुडावीत, म्हणजे रोप बळावते. नंतर पेंढ्याचे आच्छादन घालावे. फळ मातीस न टेकल्यामुळे ते कुजत नाही. जमिनीवरून धावणाऱ्या फांद्या फळांच्या हंगामात छाटाव्यात. फुलोऱ्यात कीटकनाशक कदापि फवारू नये. फळ तोडल्यानंतर त्याची गोडी वाढत नाही. म्हणून घरच्यासाठी पूर्ण लाल झालेले फळच सकाळी देठासह खुडावे.

गावात करावयाचे प्रात्यक्षिक

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेच्या बागेत एकाच जातीची दोन रोपे लावावीत. कळ्या उमलण्यापूर्वी एकावर मलमलीचे कापड बांधावे व दुसरे मोकळे ठेवावे. फळे धरल्यावर दोन्ही रोपांची फळे शेजारी मांडून शेतकऱ्यांस व मुलांस दाखवावीत. मधमाशीचे काम एकदा डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी आपल्या इतर पिकांवरही फुलोऱ्यात फवारा मारण्यापूर्वी विचार करील.